केसरच्या जागेवर

२ जानेवारी १९३९, नंदुरबार
मिरच्यांच्या पथारीशेजारी धावलो. वारा नेमका आमच्याकडे. शिंकून शिंकून बेजार. केसर शिंकतसुद्धा सगळ्यांच्या पुढे. ही रनाळ्याची पोर, मामाकडे शिकायला राहते, आणि पाय असे की शाळेच्या बाई बघतच राहतात. हातोहात दांडी देत धावायच्या शर्यतीत चौघी लागतात. केसर शेवटची, बाकी तिघी तिच्या आधी. मी पाचवी, राखीव. म्हणजे चपला आणि पाण्याचा तांब्या सांभाळायचा.

६ जानेवारी
बाईंनी आज सगळं सांगितलं. धुळ्याला जिंकलो तर मुंबई. मुंबईला जिंकलो तर बोटीनं परदेशच्या सामन्यांना! आत्या म्हणाली, "बोटवर सवयपाक कोन करी?" घरोघरच्यांनी एकच अट घातली होती, सोबत जाणती बाई हवी. ती जाणती बाई म्हणजे माझी आत्या. तिचं सोवळंओवळं सांभाळून धावायचं.

९ जानेवारी
परतताना केसर सांगत होती. तिच्या वडलांनी लग्न ठरवलंय, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. पण मुंबईत बोटीसाठी निवड झाली तर पुढे ढकलतील, तसा शब्द दिलाय. "नही ते मंग चूलपाशीच पयसू," म्हणाली आणि हसली. चुलीपाशी कसली धावणार! मी पण हसले. घरी आल्यावर मनात आलं, हिचं लग्न आत्ताच झालं असतं तर माझा नंबर लागला असता. काय हे मन. स्वतःच्याच कानाखाली मारावीशी वाटली.

१४ जानेवारी, धुळे, धर्मशाळा
दुपारी मोटारीनं आलो. संध्याकाळी केसरनं मला आडोशाला नेलं. तिला आजच विटाळ आलाय, चार दिवस अगोदर. "लीले, कोनले सांगू नको. एकच दिन शे. पयीसन मंग बसी जासू."
मी म्हटलं, नाही सांगत. देवाशप्पथ म्हटलं.

१५ जानेवारी, धुळे
जिंकलो. शेवटची मी धावले.

काल लिहून झाल्यावर जेवायला बसलो. केसरनं पाण्यासाठी आत्याच्या घागरीकडे हात केला. मी म्हटलं, "केसर, तू नको घेऊ, मी देते." एवढंच म्हटलं. पण मोठ्यानं म्हटलं. आत्यानं आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ताट बाजूला सारलं.
बाई खूप भांडल्या. मैदानावर असलं काही नसतं म्हणाल्या. आत्या ऐकते कुठली. "तिनी शिवेल दांडी समदास्ना हातमा जाई! तसं व्हई ते मी पोरीस्ले लीसन सकायनी मोटरनी घर जास." चौघींचीही शर्यत बुडते म्हटल्यावर बाईंनी हात टेकले.
केसर कोपऱ्यात कांबळ्यावर. मी तिच्या जागेवर.
आज परत आल्यावर तिनं विचारलं, "जिकन्यात का?" मी मान हलवली. "दांडी पडनी नही ना?" नाही म्हटलं. "मंग ठीक."
मी सांगितलं कुठे? मी तर फक्त पाणी देते म्हटलं.

१८ जानेवारी, नंदुरबार
वडलांनी गल्लीत पेढे वाटले. मी माझा परत पुड्यात ठेवला.
तीन दिवस तेच घोकतेय, मी सांगितलं नाही, सांगितलं नाही. खोटं आहे. घागरीकडे तिचा हात गेला तेव्हा मला सगळं कळत होतं. आत्या ऐकतेय हेही कळत होतं. जीभ घसरली असं म्हणायची सोय नाही. मला धावायचं होतं.

२३ जानेवारी
बाई म्हणाल्या, धुळ्याला धावल्या त्याच चौघी मुंबईला, नावं गेली आहेत. पाचवी म्हणून के. येणार. एखादी आजारीबिजारी पडली तरच तिला धावता येईल.
(पूर्ण नाव लिहायला हात धजत नाही.)
आता माझ्या चपला ती सांभाळते. घामाघूम होऊन आले की तांब्या पुढे करते. त्या दिवसाचा विषय काढत नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

३ फेब्रुवारी
दांडी घ्यायला हात मागे करायचा आणि वळून बघायचं नाही, हा नियम. मला जमेना. तीनदा चुकले. बाई वैतागल्या आणि के.ला म्हणाल्या, हिला दाखव. तिनं माझं मनगट धरून तळवा वर वळवला. "आठे ठेव. मांगे दखू नको. ती देईच." किती सहज म्हणाली. मला रडू आलं. मिरचीचा खकाणा डोळ्यांत गेला म्हटलं.

१२ फेब्रुवारी
तिच्या घरी लग्नाच्या साड्यांची बोलणी चालू आहेत. ती तिसऱ्याच कुणाचं लग्न असल्यासारखं सांगते.
आज ठरवलं. तिची जागा तिला परत द्यायची. बाईंना खरं सांगायचं तर आत्याची, घरच्यांची, सगळ्यांची तोंडं बघावी लागतील. तेवढं धैर्य नाही. दुसरी वाट आहे.

२३ फेब्रुवारी, मुंबई
सुरतेवरून रात्रभर गाडीत. इथेही धर्मशाळाच. उद्या शर्यत.
जेवायच्या आधी आत्याला म्हटलं, मी बाजूला बसते. आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "आता? इतली लवकर? पयन्यात ना इतल्या, मंग दुसरं काय हुई!" तिला लगेच पटलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "केसर, उद्या तू."
के.चा चेहरा मला इथून दिसला नाही.
आज झोप लागेल असं वाटतंय. महिनाभरात पहिल्यांदा.

२४ फेब्रुवारी, सकाळ
कोपऱ्यातून लिहितेय, घाईत.
के. पाणी द्यायला आली. लांबूनच वरून ओंजळीत ओतलं. बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाजूले बसेल बाई येनी घालस का?"
हात केसांकडे गेला. पहाटे सवयीनं उठून विंचरले, घट्ट वेणी घातली, शर्यतीच्या दिवशी घालते तशी. चार दिवस केसांना फणी लावायची नसते हे साफ विसरले. आत्याचं लक्ष नव्हतं, हिचं होतं.
मी म्हटलं, केसर, तुझीच जागा होती गं. माझ्यामुळे गेली. धुळ्याला मी मुद्दाम...
"माले माहीत शे. तवयपास्नं माहीत शे."
मग धाव ना. तुझं लग्न थांबेल.
ती रागावलीसुद्धा नाही. तेच सहन होत नाहीये. "तवय बी तू माले इचारं नही. आता बी नही. तूच लेस, तूच देस."
खरंच विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं ती खूश होईल. तिच्यापेक्षा मलाच मोकळं व्हायचं होतं बहुतेक.
कमरेला खोचलेली सरावाची दांडी तिनं काढली आणि माझ्यासमोर फरशीवर ठेवली. उचलली तर धावायचं मला, आणि बाजूला बसलेय ते खोटं हे सगळ्यांना कळणार. नाही उचलली तर ती धावणार, पण मी दिलेलं म्हणून. एवढं करून ती मागे सरली. दाराशी पाठ करून उभी आहे.
खाली टांगे आले. बाकी तिघी उतरल्या. आत्या चुलीपाशी.
जिन्यावरून बाई हाका मारतायत, "अगं, दांडी कोणाकडे आहे?"
केसर वळून बघत नाही.
दांडी माझ्यापासून हातभर लांब आहे.