छताखालचं आपत्ती व्यवस्थापन

सोमवार, २ तारीख
आजपासून रोजनिशी. मोठ्या पदावरच्या माणसाने ठेवावी. पद अजून हातात नाही, पण मिळाल्यात जमा आहे. साहेब म्हणाले, या आठवड्यात कधीही सरप्राइज ड्रिल होईल, म्हणजे न सांगता संकटाची रंगीत तालीम. जो सर्वांत शांत राहील तो आपत्ती कक्षाचा प्रमुख. कंट्रोल रूममध्ये बसून इतकी वर्षं शहराचे कॅमेरे बघतोय. शहर स्मार्ट झालं, मी आहे तिथेच. पण शांत राहण्यात माझा हात कोण धरणार?

मंगळवार, ३
बायकोने बेडरूमचं छत पुन्हा दाखवलं. वरच्या काकूंच्या बाथरूममधून गळतंय. प्लंबरला बोलवा, म्हणाली. तिला ‘कम्युनिटी रेझिलिअन्स’ समजावलं. संकटाला घाबरायचं नसतं, पचवायचं असतं. तिने बादली माझ्या बाजूला सरकवली.
ऑफिसची लिफ्ट मध्येच अडकली. ओळखलंच, हेच ड्रिल! बेल न दाबता शांत उभा राहिलो. वॉचमन म्हणाला, लाइट गेली होती. त्यांना असंच सांगायला लावतात.

बुधवार, ४
प्लंबरला उद्या नक्की. आज शेजारच्या सोसायटीत माझं ‘आपली सज्जता’ हे भाषण होतं. बायको म्हणाली, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. मग छताकडे बघून म्हणाली, कोरडा तरी कुठे. मी हसलो. ती हसली नाही.

गुरुवार, ५
सकाळी छताचा मोठा पोपडा पडला. तिच्या उशीवर. नुकतीच चहा ठेवायला उठली होती म्हणून वाचली. आली, उशीकडे बघत राहिली. मी लगेच दोन खुर्च्यांना दोरी बांधून परिसर बंद केला. तिने बॅग भरली. दादाकडे जाते, म्हणाली. अच्छा! म्हणजे साहेबांनी घरच्यांनाही सामील करून घेतलंय. पदच तेवढं मोठं आहे. दारापर्यंत सोडायला गेलो, बाहेर पडायला वेळ फार कमी घेतलास म्हणून कौतुकही केलं. तिने वळून बघितलं नाही. काम छान करते.
प्लंबरचं राहिलंच.

शुक्रवार, ६
कंट्रोल रूममध्ये धूर. सगळे पळाले. मी खुर्ची सोडली नाही. खोकत होतो, पण शांतपणे. शेवटी ऑपरेटरबाईंनी कॉलर धरून बाहेर ओढलं. वायरिंग खरंच जळालं होतं. ड्रिल घ्यायला साहेबांना या आठवड्यात वेळच झाला नाही म्हणे. पद बाईंना. साहेब मला म्हणाले, तुम्ही जरा जास्तच शांत आहात.
म्हणजे कालचंही ड्रिल नव्हतं.

शनिवार, ७
थकलोय. प्लंबर आला. वर जाऊन एक पाइप बदलला, चहा व्हायच्या आत काम संपलं. एवढंच होतं, म्हणाला.
मेहुण्यांना फोन केला. छत दुरुस्त झालं, तिला घेऊन या म्हटलं. त्यांनी तिला विचारलं. मग ते म्हणाले, ती म्हणतेय, तुम्ही शांत राहा.
फोन ठेवला. बादली कोरडी पडलीय. बेडरूममध्ये जाववत नाही. दोरी तशीच आहे. मला शांत राहता येत नाहीये.