हिराचे क्रियापद

ता. २ सप्टेंबर १९३१, बुधवार.

दुरुस्ती. परवा मी इथे लिहिले की, आमच्याकडे भात कांडायला येणारी हिरा ‘मी आलो’ म्हणते, कारण ती घाटावरची आहे आणि तिकडच्या बायका तशाच बोलतात. हिरा घाटावरची नाही. पूर्णगडच्या बाजूची आहे. माहिती चुकली. अनुमान बरोबर होते.

ही वही कोणी वाचणार नाही, तरी तीत खोटे राहू नये. आप्पांनी मला घरी बसवून शिकवले ते याच शिस्तीने. आधी मागची चूक, मग पुढचे पान.

रत्नागिरीत भाषाशुद्धीची हवा आहे. मागल्या पडवीत कांडप संपले की मी बायकांचा वर्ग घेते. दसऱ्यापर्यंत सगळ्या शुद्ध बोलू लागतील. मीही इंग्रजी शब्द सोडले. हे रिझोल्यूशन पक्के.

रिझोल्यूशन नव्हे. संकल्प.

ता. ४, शुक्रवार.

हिराला ‘आले, गेले, बसले’ घोकायला सांगितले. हिरा म्हणाली, “ताय, आज ‘आलो’चा दिवस हाय. ‘आले’ उद्या म्हणतो.” सगळ्या हसल्या. तिची कांडपातली जोडीदारीण सोनूबाई तर मुसळ टेकून हसली.

काम उद्यावर ढकलण्याची सवय. अशिक्षितपणाचे मूळ इथेच आहे. माझी स्वतःची बाराखडीची पाटी अजून रंगवायची राहिली आहे, पण ते निराळे. पावसाने रंग वाळत नाही.

ता. ७, सोमवार.

हिरा आज आपण होऊन ‘मी आले’ म्हणाली! केसांत अबोली, लुगडे चापूनचोपून. माझ्या शिकवण्याचा पहिला विजय. आप्पांना सांगितले. आप्पा म्हणाले, “शाबास रे बकुळ.”

ता. ८, मंगळवार.

‘आलो.’ प्रोग्रेस शून्य. (प्रगती.)

आणखी एक. सोनूबाई काल तिला ‘गो हिरा’ म्हणत होती, आज ‘रे हिरा, सरक की जरा’ म्हणाली. म्हणजे हा आजार पसरतो आहे.

ता. ११, शुक्रवार.

हिरा पाणी आणायला गेली तेव्हा सोनूबाईला गाठले. म्हटले, तुम्ही वयाने मोठ्या, तुम्हीच असे चुकीचे बोललात तर हिराने काय शिकायचे? सोनूबाईने माझ्याकडे नीट पाहिले.

“ताय, तुला ठावूक न्हाय?”

काय ठाऊक नाही?

“अगो, हिरा जल्मला तो झिलगा, पोरगा. म्होरं लुगडं नेसाय लागली. कवा बाई असतां, कवा बाप्या. शिमग्यात घरी जातां तेव्हा धोतर नेसून पालखीला खांदा देतां. हितं आली की लुगडं. ती काय चुकून तसा बोलता?”

मग रोज कसे ओळखता, विचारले. म्हणाली, “बगायचं. त्यात काय हाय? तुजी आत्या आज रागात हाय का न्हाय तां तू वळखतंस ना?”

तीन महिने हिरा माझ्या घरी येते. आळीत फक्त मला ठाऊक नव्हते. कान अजून गरम आहेत.

ता. १२, शनिवार.

सगुणाआत्याला विचारले. तिला धक्का बसेल म्हणून आधी खाली बसवले. ती म्हणाली, “हिराचं होय? मग?” आणि वाल सोलत राहिली.

मी म्हटले, असे जगात विरळा असेल. आत्या म्हणाली, “विरळा कसलं गो? देवरुखास आमच्या सासरी पाणक्या होता, तो गौरीत लुगडं नेसून आमच्याबरोबर फुगडी घाली. धाकट्या जाऊबाईंची थोरली बहीण धोतर नेसून शेतीवर उभी राही. पोरं तिला दादा म्हणत. संगमेश्वरास एक न्हावी होता तो तर—” मी पुरे म्हटले.

आत्या म्हणाली, “आणि तुझं काय? आप्पा तुला ‘अरे’ म्हणतात. मी ‘आमचं बकुळं’ म्हणते. मुंजीच्या वयापर्यंत तू ‘मी जेवलो’ म्हणत हिंडायचीस.”

माझे निराळे आहे. आप्पांना मुलगा नाही आणि ते लाडाने म्हणतात.

तरी रात्री मनातल्या मनात ‘मी जेवलो’ म्हणून पाहिले. अगदी परके लागले नाही. हे इथे लिहायला नको होते. पण लिहिले.

ता. १३, रविवार.

उत्तर सापडले! इतके सोपे! मराठीत लिंगे तीन आहेत. पुल्लिंग नाही, स्त्रीलिंग नाही, मग नपुंसकलिंग आहेच की. आपली भाषा किती समृद्ध. उद्या हिराला सांगायचे. तिला केवढा आनंद होईल. त्याला. त्याला (नपुं.).

ता. १४, सोमवार.

सांगितले. ‘ते हिरा आले. ते हिरा बसले.’ हिराने ऐकून घेतले. मग म्हणाली, “ताय, मी काय वासरू हाय?”

कोणी हसले नाही. सोनूबाईसुद्धा नाही. उखळात परत मुसळे पडू लागली, एक वर, एक खाली, आणि मी पाटी हातात धरून उभी.

आप्पांना मात्र माझी कल्पना फार आवडली. त्यामुळे अधिकच वाईट वाटले.

संकल्प: हिरा ज्या दिवशी जे म्हणेल ते त्या दिवशी शुद्ध. हा नियम मी स्वतः केला आणि तो मला शोभतो.

ता. २३, बुधवार.

गौरी-गणपती आटोपले. आज वर्ग पाहायला कमळाकाकू आल्या. वकिलांच्या पत्नी, भगिनी मंडळाच्या अध्यक्ष. हिरा त्यांच्याकडेही कांडायला जाते. मी हिराला म्हटले, आज काय केलेस ते पूर्ण वाक्यांत सांग. हिरा म्हणाली, “पहाटे उठलो, चूल पेटवली, पेज जेवलो, कामाला आलो.”

एकही वाक्य अडखळले नाही. पण काकू हसल्या. “बकुळे, तीन महिने शिकवतेस आणि बाई अजून बाप्यासारखी बोलते?”

मी ताबडतोब हिराची बाजू मांडली. न भिता. काकूंना सगळे नीट समजावून सांगितले. काकू गप्प झाल्या. माझ्या मते त्यांना पटले.

ता. २४, गुरुवार.

दुरुस्ती. काकूंना पटले नव्हते.

ता. २५, शुक्रवार.

दुरुस्तीची दुरुस्ती. मी हिराची बाजू मांडली नाही. वर्गाची मांडली. माझी मांडली. मी म्हणाले, “नाही काकू, माझ्या शिकवण्यात चूक नाही. हिरा जन्माने मुलगा आहे, कधी बाई असते कधी पुरुष, म्हणून ‘आलो’ म्हणते.” हिरा समोर बसून होती. लुगडे नेसून, अबोली माळून, चार जणींत. मी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मी काकूंच्या चेहऱ्याकडे पाहत होते, हसू गेले का ते.

आळीत फक्त मला ठाऊक नव्हते असे लिहिले, तेही चूक; काकूंनाही नव्हते. कोणी त्यांना सांगितले नव्हते, कारण सांगायचे कारणच नव्हते. मला तेवढे होते.

ता. २७, रविवार.

काकूंनी हिराला कामावरून काढले. “आमच्या बायकांत असलं माणूस नको.” शेजारच्या दोन घरांनीही. आप्पांनी आमचे चालू ठेवले आहे, पण हिरा आपण होऊन येत नाही.

मी काकूंकडे जाऊन सांगणार आहे की मी चुकीचे वागले आणि हिराला परत बोलवा. नक्की. फक्त आजपासून पितृपक्ष लागला. या पंधरवड्यात नवीन काही आरंभू नये, आत्या म्हणते. (आत्या लग्नांबद्दल म्हणत होती. तरी.)

ता. १ ऑक्टोबर, गुरुवार.

सोनूबाई एकटी बसली होती. जोडीदारीण नाही तर कांडप कसले. मी दुसरे मुसळ उचलले. काकूंकडे जाण्यापेक्षा हे प्रायश्चित्त अधिक खरे, असे मला वाटले. अंगमेहनतीचे.

पहिला घाव उखळाच्या काठावर. दुसरा सोनूबाईच्या मुसळावर. तिसऱ्याला सोनूबाई म्हणाली, “ताय, तू वाचाय बस.” दोन्ही तळव्यांना फोड. भात अर्ध्याहून जास्त तुटला, कण्या झाल्या. आत्याने त्यांचीच पेज केली आणि मला वाढली.

ता. ६, मंगळवार.

आज गेले. काकूंच्या पायरीपर्यंत. काकूच दारात आल्या, “काय गो?” म्हणाल्या. मी विरजण मागितले.

घरी विरजण होते. आता दोन आहेत.

मी निघताना काकू म्हणाल्या, “बरं झालं हो तू सांगितलंस.” मी “हो” म्हटले. हो का म्हटले? सवयीने. मोठ्यांना नाही म्हणायचे मला घरी शिकवले नाही. (हे आप्पांवर ढकलणे झाले. खोडत नाही, राहू दे.)

ता. १२, सोमवार.

घट बसले. पितृपक्षाची सबब संपली.

सोनूबाई सांगत आली की हिरा शनिवारी सकाळी जाते. भाट्याच्या तरीने, होडीतून खाडीपार, पुढे चालत पूर्णगड. तीन घरे गेल्यावर इथे पोट भरत नाही. भावाने निरोप धाडला आहे: येतेस तर ये, पण धोतरात ये. कायमचा.

मी म्हटले, शिमग्यात जाते तेव्हा धोतर नेसतेच की. सोनूबाई माझ्यावर पहिल्यांदा ओरडली. “शिमगो पाच दिवसांचो असता, ताय! नि तो तिच्या मनान असता! आता जल्मभर एकच, नि तोसुदा भावाच्या मनान! हितं ती दोनी होती. कुनी इचारीत न्हवता.”

मग पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, “मना दुसरी जोडीदारीण गावल. तिला दुसरी रत्नागिरी खंय गावतली?”

काकूंनी परत घेतले तर बाकीची दोन घरे घेतील. शुक्रवारी काकूंकडे मंडळाचे हळदीकुंकू आहे. सगळ्या असतील. मी चारचौघींत बोलले, तर चारचौघींतच परत घ्यायला हवे. शुक्रवार. ठरले. प्लॅन पक्का. शब्दही बदलत नाही.

ता. १४, बुधवार.

तयारी. हिरालाही आधी भेटून क्षमा मागायला हवी, पण कशी? भेटेन त्या दिवशी ‘आली’ असेल की ‘आला’? ‘तू दुखावलीस’ म्हणायचे की ‘दुखावलास’? चुकले तर पुन्हा तेच. दोन दिवस वाक्य जुळवते आहे. आप्पांचे व्याकरणाचे पुस्तक उघडे आहे. अत्यंत काळजीने काम चालू आहे.

रात्री आत्या दिवा मालवायला आली. म्हणाली, “काय पुटपुटतंय हे?” सांगितले. आत्या म्हणाली, “तुला काय म्हणायचंय ते म्हणून दाखव बघू.”

मी म्हटले, “मी चुकले. जाऊ नकोस.”

आत्या म्हणाली, “मग यात हिराचं काय बाई नि काय बाप्या आलं गो?” आणि दिवा घेऊन गेली.

अंधारात पडून पुन्हा म्हटले. मी चुकले. क्रियापद माझ्याप्रमाणे चालते. जाऊ नकोस. हे कोणालाही म्हणता येते. सबंध वाक्यात हिराचे लिंग कुठेच नाही. मी दोन दिवस जे शोधत होते ते त्या वाक्याला लागतच नव्हते. लागत होते ते मला, बसून राहायला.

ता. १६, शुक्रवार. रात्र.

गेले. वीस-पंचवीस जणी होत्या. कुंकू लावून झाले, ओटी भरून झाली, हातात खोबऱ्याची वडी. मी उभी राहिले. खरोखर उभी राहिले. म्हणाले, “मला एक चूक सुधारायची आहे.”

काकूंनी मोठ्या कौतुकाने मान हलवली. “बोल, बोल. आमची व्याकरणवाली.”

मी काकूंकडे पाहिले. त्यांचा चेहरा अगदी प्रसन्न होता. भिंतीवर मंडळाचा फलक होता, खडूने लिहिलेला.

मी म्हणाले, “फलकावर ‘हळदीकुंकूं’ लिहिले आहे. शेवटचा अनुस्वार नको.”

टाळ्या झाल्या. काकूंनी स्वतः उठून तो बोटाने पुसला. मला आणखी एक वडी मिळाली. मी ती खाल्ली.

येताना सोनूबाईच्या दारावरून आले. आत दिवा होता. हिरा तिच्याकडेच राहते; सामान बांधत होती. दोरीवर लुगडे होते आणि हिरा ते घडी करून सोनूबाईला देत होती. सोनूबाई घेत नव्हती. म्हणत होती, “ऱ्हाऊ दे गो तुज्याकडं, येशील तेव्हा नेसशील.” हिरा हसून म्हणाली, “भाऊ चुलीत घालील. तू नेस.” मी उंबऱ्याबाहेर होते. हाक मारली नाही. वडी चिकटून तोंडही नीट उघडत नव्हते, असे मी वाटेत स्वतःला सांगितले. हे खरे नाही.

भाट्याची तर आठाच्या सुमारास सुटते. काकू सहाला तुळशीपाशी असतात, एकट्या. पण एकट्या उपयोगाच्या नाहीत. साडेसहाला आळीतल्या सगळ्या विहिरीवर येतात, काकूंच्याच मागल्या दारी. तिथे. मोठ्याने. विरजण मागायचे नाही, फलक पाहायचा नाही. मग तशीच पळत भाट्याला.

उद्या. शनिवार, ता. १७ ऑक्टोबर १९३१.