रुमालातले गहू

रेगेन्सबर्ग,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. शैलाताईस,
वसुधाचा सा. न. वि. वि.

तुझे गुडघे काय म्हणतात? भास्कररावांच्या डोळ्याची पट्टी निघाली का? यमुना म्हैस अजून धार काढताना लाथा झाडते का? इकडे हृषिकेश आणि सूनबाई ईप्सिता कामात बुडालेले. नातीचा, अन्वीचा खोकला गेला. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, असं आमचं छान चाललंय.

फोनवर सारं घर ऐकतं, म्हणून हे लिहून कळवते. खालच्या मजल्यावरच्या देसांकाबाई तुला माहीत आहेत, कुठला कचरा कुठल्या डब्यात ते मला शिकवणाऱ्या. त्यांचं गाव सर्बियात, बल्गेरियाच्या हद्दीला चिकटून. त्यांच्या आजीच्या वेळी ओढ्यावरून हद्द आखली. घर अलीकडे राहिलं, आलुबुखाराची बाग पलीकडे. पुढे काटेरी तारा आल्या. वर्षातून एकदा शिपाई वाट मोकळी करायचे, तेव्हा मावश्या-भाच्या गळ्यात पडायच्या. आता तिथे म्हातारीच माणसं उरलीत, शाळेला कुलूप आहे आणि वारलेल्यांचे फोटो छापून फाटकांवर डकवलेले.

परवा त्यांच्या कुलसंताचा, आपल्या कुलदैवतासारखा, दिवस होता. मेणबत्ती लावून, घरच्या गेलेल्यांच्या नावाने शिजवलेले गोड गहू ठेवतात. येणाऱ्याने आधी एक चमचा खायचा. माझ्या पुढच्या माणसाने चमचा पाण्याच्या पेल्यात टाकला, मला वाटलं तोच विसळून मला देणार. उष्टं कसं खायचं? गहू तोंडाशी नेले आणि हळूच रुमालात घेतले. वर येताना ईप्सिता सहज म्हणाली, उष्टे चमचे पाण्यात टाकतात, स्वच्छ चमचे वेगळे असतात. आणि रुमाल खाली खुर्चीवरच राहिला!

काल तो दाराच्या मुठीला अडकवलेला मिळाला. धुतलेला, इस्त्री केलेला, एक शब्द नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालंय. दिवसभर बोलायला इथे ती एकच बाई, आणि आता तिची चाहूल घेऊनच मी जिना उतरते. काय करू ते सांग.

तुझी माया अशीच राहू दे.
वसुधा


(गावाकडून)
१२ डिसेंबर २०२४

चि. वसुधास,
अनेक आशीर्वाद.

पट्टी निघाली. आता हे माझ्या स्वयंपाकातले खडे लांबूनच दाखवतात. लहानपणी कारलं परकरात लपवायचीस, सत्तरी आली तरी खोड तीच!

अगं, आपलं गावही हद्दीवरचंच. आपली हुग्गी, ही गव्हाची खीर, मराठी की कानडी हे कुणी ठरवलंय का? दोन्हीकडच्या पंगतीत वाढतात. गहू, गूळ, दूध, वर तूप, चांगली घट्ट कर आणि घेऊन जा. सुनेला मध्ये घालू नकोस. खाल्लं नाहीस तू, तर सांगायचंही तूच.

सर्वांना माझी आठवण दे.
शैला


रेगेन्सबर्ग,
२८ डिसेंबर २०२४

ती. शैलाताईस,
सा. न. वि. वि.

काल हुग्गी घेऊन गेले. अन्वीकडून क्षमेचं जर्मन वाक्य पाठ केलं होतं, ते दारातच विसरले. मग रुमाल दाखवून दोन्ही कान धरले. देसांकाबाईंना वाटलं कान दुखतात, त्यांनी आतून लोकरी टोपी आणून माझ्या डोक्यावर चढवली! टोपीखालून मोडकंतोडकं सांगितलं, चमचा उष्टा वाटला, म्हणून खाल्लं नाही. त्यांनी रुमाल हातात घेऊन उलगडला. म्हणाल्या, त्यात माझ्या गेलेल्या भावाच्या नावाचेही गहू होते. मला मान वर करवेना.

मी हुग्गी पुढे केली. त्यांनी वास घेतला आणि वाडगा खाली ठेवला. नाताळापर्यंत आमचा उपास, दूध-तूप चालत नाही, असं तोंडावर सांगितलं. राग नाही, लपवाछपवी नाही. ताई, त्या दिवशी मलाही एवढंच तर बोलायचं होतं गं! एक वाक्य, आणि तेवढं माझ्याच्याने झालं नाही.

वाडगा त्यांनी बर्फाच्या कप्प्यात ठेवलाय. त्यांचा नाताळ सात जानेवारीला. तेव्हा ये, एकाच वाडग्यातून खाऊ, म्हणाल्या. आणि एकच चमचा वर करून दाखवला. मी हो म्हटलं.

गुळाचं दूध पुन्हा तापवताना फाटेल अशी धाकधूक आहे. फाटलं तरी खाणार. हे पत्र पोचेपर्यंत सात तारीख उलटलेली असेल, तरी उत्तर लगेच लिही. वाट बघते.

तुझी,
वसुधा