वच्छलाबाई उपवनाखालची खदान

मी, श्रीमती वच्छलाबाई सदाशिवराव नरवाडे, वय एकाहत्तर, धंदा हॉटेल, राहणार फुलसावंगी, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. अलीकडे ज्या ज्या कार्यालयात गेले, तिथे मला "आजी, तुमच्या लक्षात राहत नसेल" असं ऐकावं लागलं, म्हणून दाखला मुद्दाम घेतला. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. माझे पती सदाशिवराव वारले आहेत. मला दोन अपत्यं. मुलगा कपिल माझ्याजवळ राहतो. मुलगी दिपाली नेरला दिली आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी दिपालीने करावी. ती लहानपणापासून भांडखोर आहे आणि पुढची कलमं वाचल्यावर कळेल की या कामाला तसंच माणूस लागतं.

२. स्टँडवरचा हॉटेलचा गाळा, भट्टी, कढया, बाकं आणि दर्शनी पाटी, हे सर्व दिपालीला. तिने हॉटेल स्वतः चालवावं किंवा भाड्याने द्यावं, मात्र तिथे चहा काचेच्या ग्लासातच मिळाला पाहिजे आणि पाणी मागणाऱ्याला पाणी फुकट. बाजूच्या गाळ्यांनी प्लास्टिकचे कप आणले तेव्हा लोक मला म्हणत, "काकू, विसळायचा ताप कायले घेता?" संध्याकाळी त्यांचे कप नालीत तुंबायचे आणि नाली माझ्या दारापुढे भरायची. तो ताप कोणी मोजला नाही.

३. लग्न-तेरवीला मी जी स्टीलची ताटं, वाट्या आणि ग्लास मोफत देत आले, ती सगळी भांडी माझी मैत्रीण धुरपताबाई खेमसिंग राठोड, राहणार तांडा, हिला. थर्माकोलच्या पत्रावळी शेतात उडू नयेत म्हणून मी ती एकेक करून जमवली. धुरपताबाईने ती अशीच गावाला देत राहावी. घासून न आणणाऱ्यांना पुन्हा देऊ नये, मग तो सरपंच असला तरी. आमच्या सरपंचाने मोठं पातेलं खरकट्यासकट परत पाठवलं होतं, हे मी विसरलेले नाही.

४. माझा फोटो. हे कलम लांब होईल, कारण यासाठीच मी मुळात लिहायला बसले.

बाटलीबंद पाणी आणि थंड पेय विकणारी एक कंपनी आहे. तिचं नाव माझ्या तक्रारीत आहे. इथे लिहून तिची आणखी जाहिरात करायची नाही. या कंपनीचे साहेब माझ्या हॉटेलात आले, काचेच्या ग्लासात चहा प्याले आणि म्हणाले, "आजी, तुम्ही जे करता तेच आम्हाला करायचं आहे." गावातल्या रिकाम्या बाटल्या आम्ही गोळा करू, त्यांचा नागपूरच्या कारखान्यात धागा होईल, तुम्ही फक्त लोकांना सांगा. मला आनंद झाला. इतकी वर्षं एकटी बोलत होते, कोणी तरी ऐकलं असं वाटलं. त्यांनी माझा फोटो काढला आणि बाटल्या गोळा करायच्या हिरव्या थैल्यांवर छापला. मी घरोघरी फिरले. तांड्यावरच्या बाया माझ्या शब्दावर बाटल्या वेचू लागल्या. भरलेल्या थैल्या दर आठवड्याला टेम्पो घेऊन जाई. टेम्पोचा ठेका कपिलला मिळाला होता. पाण्याच्या जारची एजन्सीही त्यालाच.

मग धुरपताबाईची गाय मेली. पोट टम्म फुगून, दोन दिवस उभी राहून मेली. ढोरांच्या डॉक्टरने पोट फाडून पाहिलं. त्या दिवशी धुरपताबाई हॉटेलात आली ती बसलीच नाही.

"बाई, तुह्या फोटोची थैली माह्या गाईच्या पोटात निघाली," ती म्हणाली.

"थैल्या तं नागपूरले जातात, धुरपता."

"मंग गाय नागपूरले चरून आली का?"

पुढच्या खेपेला धुरपताबाईचे मालक खेमसिंगभाऊ यांच्या मोटरसायकलवर आम्ही तिघं टेम्पोच्या मागे गेलो. टेम्पो नागपूरच्या रस्त्याला लागलाच नाही. तांड्यामागच्या बंद पडलेल्या खदानीत शिरला. टेम्पोवरच्या पोऱ्याने थैल्या खाली लोटल्या आणि ड्रायव्हरने काडी लावली. माझं तोंड कितीतरी थैल्यांवर होतं, ते वितळताना मी पाहिलं. धूर काळा आणि गोड वासाचा होता. शेजारीच तांड्याची विहीर.

ड्रायव्हर बिचारा घाबरला. म्हणाला, "मावशी, मले कायले बोलता? कंपनी गावातून उचलायचे पैसे देते. नागपूरचं डिझेल कोण देईन?"

कपिलला घरी विचारलं. तो जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "आई, बाटल्या भरतानी फोटो निघते, तेवढाच कंपनीले लागते. पुढं बाटली कुठी गेली हे आजवर कोणी इचारलं नाई."

"मी इचारू राह्यली."

त्यावर तो ताटावरून उठला.

महिनाभरात कंपनीने महागावला कार्यक्रम ठेवला आणि मला 'पर्यावरण सखी' म्हणून सत्कारासाठी बोलावलं. मी गेले. जाताना खदानीतली अर्धी जळालेली थैली सोबत नेली. शाल पांघरून घेतली, माईक हातात आला तसा थैली वर धरून विचारलं, की साहेब, हा धागा कोणत्या कारखान्यातला? कंपनीच्या माणसांनी माईक बंद केला. साहेब हसत पुढे आले आणि टाळ्या वाजवू लागले, मग सगळ्या सभेने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: मी जळकी थैली उंच धरलेली, खाली ओळ, 'प्लास्टिक जाळू नका, वच्छलाबाईंचा गावकऱ्यांना संदेश.' शेजारी कंपनीचं चिन्ह. माझ्या हयातीत मला शिव्या बऱ्याच मिळाल्या, पण त्या दिवसाइतका अपमान कधी झाला नाही. रागाचासुद्धा त्यांनी धंदा केला.

तरी माझ्या पश्चात माझं नाव, चेहरा, आवाज किंवा माझं कोणतंही वाक्य त्या कंपनीने अथवा दुसऱ्या कोणत्याही कंपनीने वापरू नये. वापरल्यास दिपालीने दावा लावावा.

५. माझी तक्रार. ही माझी मिळकत नाही असं वकील म्हणाले, पण माझ्याकडे याहून मोलाचं दुसरं काही नाही, म्हणून लिहिते. खदानीबाबत मी प्रदूषणाच्या कार्यालयात, तहसीलला आणि ग्रामपंचायतीत लेखी तक्रार दिली. तहसीलने ती ग्रामपंचायतीकडे पाठवली आणि ग्रामपंचायतीने माझ्याकडे खुलासा मागितला. शेवटी तपासणी ठरली, त्याची तारीख माझ्याआधी कंपनीला कळली. आम्ही पोहोचलो तेव्हा राखेवर मुरूम टाकून जमीन सपाट केलेली होती आणि रोपं लावलेली. दारात पाटी: 'वच्छलाबाई उपवन'. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "तुमच्याच नावाची बाग आणि तुमचीच तक्रार?" अहवालात त्यांनी लिहिलं की जागेवर हिरवळ आढळली. मी खोदून बघा म्हटलं तर म्हणाले, खोदकामाचा आदेश नाही.

उन्हाळ्यात ती रोपं वाळतात. जूनमध्ये त्याच खड्ड्यात नवी लावतात आणि पुन्हा फोटो होतात.

ही तक्रार पुढे चालवण्याचा अधिकार मी दिपाली आणि धुरपताबाई या दोघींना मिळून देते. धुरपताबाईला सही येते, अंगठा घेऊ देऊ नये. माझ्या नावाची ती पाटी जो कोणी उपटेल त्याला माझा आशीर्वाद आहे. पण पोलिसांत माझं हे वाक्य दाखवून उपयोग होणार नाही, हेही सांगून ठेवते.

६. बँकेतली शिल्लक दिपालीला. त्यातून आधी तांड्याच्या विहिरीचं पाणी आणि उपवनाखालची माती खाजगी प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागल्यापासून तांडा पिण्याचं पाणी विकत घेतो. ते जार त्याच कंपनीचे असतात आणि कपिलच पोहोचवतो. तो माझा मुलगा आहे, पण खरं ते लिहिते.

७. माझ्या नावाने कोणीही वृक्षारोपण करू नये. ज्याला झाड लावायचं असेल त्याने ते स्वतःच्या नावाने लावावं आणि तीन उन्हाळे पाणी घालावं. माझ्या तेरवीला बाटलीचं पाणी आणलं तर जेवणाऱ्यांनी उठून जावं.

८. राहतं घर, मागच्या मोकळ्या जागेसह, कपिलला. पूर्ण मालकीने, कोणतीही अट न घालता.

दिपालीला हे पटलेलं नाही. ती फोनवर म्हणाली, "आई, अट टाक. खदानीचा जबाब देशीन तं घर भेटन, असं लिही." वकीलही म्हणाले, असं करता येतं. मी चार दिवस विचार केला. सगळ्या प्रकरणात कंपनीचा व्यवहार आतून पाहिलेला साक्षीदार एकटा कपिल. त्याने तोंड उघडलं तर खोदकामाचा आदेश निघेल. तो वाईट मुलगा नाही. माझ्या बीपीच्या गोळ्या तोच आणतो, सकाळी गोळी घेतली का म्हणून रोज विचारतो. जार उतरवून आला की अंगणात कितीतरी वेळ हात धूत बसतो. पण बोलत नाही.

काल रविवारी मी इथवर लिहून हे पान पलंगावर ठेवलं होतं, ते त्याने वाचलं. मग माझ्या शेजारी येऊन बसला.

"आई, अट टाक नं," तो म्हणाला.

मला वाटलं, थट्टा करतो.

"खरंच म्हणून राह्यलो. अट असली तं मले लोकाइले सांगता येईन, का घरासाठी बोललो. एजन्सीवाले बी समजून घेतीन. घर कोणी सोडत नाई."

"म्हणून तं नाई टाकली," मी म्हटलं.

तो उठला आणि टेम्पो काढून कामाला गेला. कलम आठ मी बदललेलं नाही.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला आणि तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, म्हणून दोन साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

स्थळ: फुलसावंगी
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५

(सही) वच्छलाबाई सदाशिवराव नरवाडे

वच्छलाबाईंनी आमच्यासमोर सही केली, आणि त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर आम्ही केली. त्या वेळी त्या सावध होत्या.

साक्षीदार:
१. (सही) शंकरसिंग आडे, निवृत्त पोस्टमन, फुलसावंगी
२. (सही) गोपाल बेलखेडे, शिंपीकाम, फुलसावंगी