पश्चिम उतारावरची वाइन

प्रिय कोरा,

आधी चष्मा शोध, अक्षर नेहमीपेक्षा वाईट आहे.

तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. मधे तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी ‘वेलींची छाटणी चालू आहे’ असं सांगितलं. छाटणी चालू आहेच, फेब्रुवारीत आमच्याकडे दुसरं काय असतं. पण छाटणी करणाऱ्या बाईनं बहिणीला पत्र लिहू नये असा काही कायदा नाही. असता तर मी त्याचाही आडोसा घेतला असता.

तर तुमच्या मॅसॅच्युसेट्सला एकदाची अक्कल आली म्हणायची. एक जानेवारीपासून आम्हा न्यूयॉर्कवाल्यांना तिथल्या माणसाच्या दारात वाइनची पेटी थेट पाठवता येते. परवाना काढायचा, खोक्यावर ‘आत मद्य आहे’ अशी ठसठशीत चिठ्ठी डकवायची, आणि कुरिअरवाल्यानं एकवीस वर्षांवरच्या माणसाची सही घेतल्याशिवाय खोकं हातचं सोडायचं नाही. माझा परवाना आलासुद्धा. तू लिहितेस, ‘मर्ना, आता एकही सबब चालायची नाही. चार वर्षं डॅड स्वतःच्या कॅटॉबा द्राक्षांच्या वाइनची एक बाटली मागताहेत. पाठव!!!’ तीन उद्गारचिन्हं. तू लग्न ठरल्याचं कळवलं होतंस तेव्हासुद्धा एकच होतं.

आणि खाली ते सहीचं. पक्षाघातानं उजवा हात गेल्यापासून डॅड डाव्या हातानं जेवतात एवढं मला ठाऊक होतं. आता ते दुपारभर विजेच्या बिलांच्या पाकिटांवर डाव्या हातानं स्वतःचं नाव गिरवत बसतात, आणि तू ‘मी करीन की सही’ म्हणालीस तर तुझ्यावरच खेकसतात, ‘वाइन माझी, सही माझी. अठ्ठ्याऐंशीचा म्हातारा एकवीसचा वाटत नसेल त्याला, तर डोळे तपासून ये म्हणावं!’ हे वाचून मी मोठ्यानं हसले. मग पत्र पिठाच्या डब्याखाली सरकवलं, आणि तेव्हापासून घरात पाव भाजलेला नाही.

आधीच्या बंदीच्या कायद्याची मी सभांमधून किती टर उडवली ते तुला माहीत आहे. कोंबडीची पिल्लं पोस्टानं जातात, जिवंत मधमाश्या पोस्टानं जातात, आणि माझ्या बापाची वाइन मात्र राज्याची सीमा दिसली की गुन्हेगार होते! लोक टेबलं बडवत हसायचे. मग मी आवाज खाली आणायची आणि सांगायची: ज्यानं बावीस वर्षांचा असताना तळ्याकाठच्या उतारावर हातानं वेली लावल्या, त्या माणसाला आज त्यांचा एक घोट मिळत नाही. यावर दोन-तीन रुमाल हमखास बाहेर निघत. वर्तमानपत्रात फोटोसुद्धा आला होता माझा. तू तो कापून डॅडच्या पलंगाशी लावलास, ‘पोरगी लढतेय माझ्यासाठी’ म्हणून ते नर्सला दाखवतात, हे तूच कळवलं होतंस.

एक गोष्ट तुला कळवली नव्हती. गेल्या मे महिन्यात बोस्टनला या कायद्यावर सुनावणी झाली तेव्हा बोलायला मी स्वतः गेले होते. जाताना वूस्टरचा फाटा आला. तिथून तुझं घर वीस मिनिटं. मी रेडिओचा आवाज वाढवला. येतानाही वाढवला. मधल्या वेळात सभागृहातल्या अनोळखी माणसांना मी माझ्या बापाची तहान सांगितली, आणि छान सांगितली.

नाताळात एकदा तू फोनवर म्हणाली होतीस, ‘अगं, एक बाटली सीटखाली टाकून ये की, कोण बघतंय?’ माझं वाइनचं लायसन्स कसं जाईल यावर मी तुला अर्धा तास व्याख्यान दिलं. तू म्हणालीस, ‘बरं बाई, वकीलसाहेब!’ आणि विषय सोडलास. तू विषय फार लवकर सोडतेस कोरा. लहानपणी माझ्या कितीतरी लबाड्या तशाच पचल्या.

आता पुढचं नीट वाच. ते तुमच्याकडे राहायला निघाले त्या सकाळी गाडीत बसताना मला एवढंच म्हणाले होते, ‘बाकी तुझं तू बघ, पश्चिमेचा उतार सांभाळ.’ मी हो म्हटलं. पुढच्या वसंतात तो उतार मी उपटून काढला. शहरातून चाखायला येणारी मंडळी कॅटॉबाचा ग्लास नाकाशी नेऊन म्हणायची, ‘ई, जॅमचा वास येतो!’ त्यांना रीसलिंगसारख्या युरोपी द्राक्षांची हवी असते. ग्रांट म्हणत होता, म्हातारा आहे तोवर राहू दे. नवऱ्याचं मी ऐकलं नाही, ट्रॅक्टरवर मीच बसले. मनगटाएवढ्या वेली दोन दिवस निघत होत्या. वाइनची उरलेली दोन पिंपं सिरकेवाल्याला दिली. तेव्हापासून डॅडनी फोनवर विचारलं की मी कायद्याला शिव्या द्यायची, आणि फोन ठेवला की मनातल्या मनात त्याच कायद्याचे आभार मानायची. बाटली सीमेवर अडकली आहे असं जोवर म्हणता येत होतं, तोवर ती कुठेतरी होती.

गेल्या गुरुवारी मी शेजारच्या हॉर्टनकडून कॅटॉबाच्या सहा बाटल्या आणल्या. डॅडच्या वेळची लेबलं ड्रॉवरमध्ये उरली होती, ती चिकटवली. खोकं बांधलं, चिठ्ठी डकवली. दिसायला सगळं कायदेशीर, कुठलाही इन्स्पेक्टर बोट ठेवू शकला नसता. मग वाटलं, ते पहिला घोट घेतील आणि ओळखतील, आणि तुझ्यासमोर माझी लाज राखायला ‘वा, हीच ती’ म्हणतील. ते तसेच आहेत. किंवा ओळखणारच नाहीत, खरंच खूश होतील, आणि ते मला आयुष्यभर माहीत असेल. खोकं पुन्हा फोडलं.

म्हणून हे पत्र. पेटी येणार नाही, मी येते आहे. शनिवारी सकाळी निघते, बर्फ नसलं तर दुपारी तुझ्या दारात असेन, रिकाम्या हातानं. तू दार उघडशील का, हे मी विचारत नाही. उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन. डॅडना मात्र आधी काही सांगू नकोस. राग मऊ करायला तू नक्की काहीतरी सांगशील, म्हणून मुद्दाम बजावते. त्यांची शेवटची वेल कुणी उपटली हे त्यांना माझ्याच तोंडून कळू दे. ते ऐकताना त्यांचा चेहरा कसा होईल, तो बघायला लागू नये म्हणूनच चार वर्षं मी आले नव्हते.

अजून तुझीच, तू म्हणशील तर,
मर्ना