डावा हात

मल्लेश्वरी अक्का,

हे धाडीन असं न्हाई, पण लिहायलेय. म्हाताऱ्या माणसांची देखभाल कशी करायची, यावर तुम्ही बेंगळूरला भाषणं देता. तुमचा तक्ता इथं कमलनगरच्या घरी भिंतीवर लावलाय. लकवा झाल्यावर अव्वांनी, तुमच्या आईनं, जेवण सोडलं, तवा तुम्ही फोनवर म्हनलात, भूक मेली, नळी घाला.

अव्वा नुसत्या गळ्यातल्या इष्टलिंगाकडं बघायच्या. पूजा केल्याबिगर त्या कधी जेवल्यात का? अन् पूजेला लिंग तळव्यावर धरायचा डावा हातच लुळा पडलाय.

आता मी त्यांच्या हाताखाली माझा हात धरते. पूजा झाली की भाकरी कुस्करून दिलेली खातात.

आज पूजेत म्हनल्या, "मल्लेश्वरी, हात हलवू नको."

मी हलवला न्हाई.

अव्वांची सून,
विजयश्री