भुशाची शेगडी आणि लंकेची निवडणूक

अण्णा,

आज सकाळी दूध तापत ठेवलं आणि सिलिंडर संपला. भरलेला दुसरा शेजारीच उभा होता, बदलायला कितीसा वेळ लागतो? पण तेवढ्यात मला तुमचा असा काही राग आला, की दूध तसंच ठेवून मी लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमचा चेहरा आठवायचा तर भिंतीवरच्या फोटोकडे बघावं लागतं. राग मात्र जिथल्या तिथे आहे.

साऱ्या सोलापूरला तेव्हा लंका म्हणजे रेडिओवरची सिनेमाची गाणी. तुम्हाला लंका म्हणजे तिथलं अंदाजपत्रक. हायस्कुलात भूगोल शिकवणारे तुम्ही, नकाशावर आंब्याच्या कोयीएवढ्या त्या बेटावर बोट ठेवून म्हणायचात, "देश लहान असला की धोरण राबवून बघता येतं. चूक की बरोबर, लगेच कळतं." सत्तर साली तिथे आघाडीचं सरकार आलं आणि तुमच्या विचारांचे डावे मंत्री झाले, तेव्हा तुम्ही गल्लीत पेढे वाटले होते. शेजारच्या विणकराच्या घरातल्या अक्कांनी त्यांच्या तेलुगू वळणाच्या मराठीत आईला विचारलं, "काय हो, पाहुण्यात कुणाला मुलगा झाला का?" आई म्हणाली, "न्हाई वो, लंकंत झालाय." त्या दिवसापासून तुम्ही गल्लीत लंकेचे मास्तर झालात, आणि तुम्हाला ते नाव आवडायचंही.

तिथवर ठीक होतं. पण मग तिकडे परकीय चलन आटलं. सरकारने बाहेरून येणारी डाळ, मिरची, कापड सगळ्यावर बंधनं घातली आणि लोक पावासाठी रांगा लावायला लागले. आपल्याकडे दुष्काळ पडलेला. रेशनवर ती परदेशी लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापताना आईच्या हातातच फुटायची. अशात एका संध्याकाळी तुम्ही हातपाय धुऊन पाटावर बसलात आणि जाहीर केलंत, "आपलं घर लंकेहून लहान. आपल्याला तर सहज जमेल." झालं! घरात आयातबंदी लागू. साबण बंद, रिठे चालू. बिस्किटं बंद, डालडा बंद. मला शाळेत सगळ्या मुलींसारखी नायलॉनची रिबीन हवी होती, तर तुम्ही आईच्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून हातात दिलात. तुमच्या सिगारेटी आणि मुंबईहून येणारी साप्ताहिकं मात्र बंद झाली नाहीत. ती अत्यावश्यक आयात होती म्हणे! अक्का भिंतीवरून आईला वाटीभर साखर द्यायच्या आणि आई मला दटावायची, "अण्णास्नी सांगू नगंस हां." आपल्या घरातलं स्मगलिंग ते एवढंच. आईच्या पाटल्या तर लग्नानंतर थोड्याच दिवसांत पक्षाच्या निधीला गेल्या होत्या. मामा आले की बहिणीच्या मोकळ्या हातांकडे बघून म्हणायचे, "दाजी, तुमी लंकेचं वाचता वाचता आमच्या भैनीला लंकेची पार्वती केलीत की!" तुम्ही मनापासून हसायचात. मला आजही त्या हसण्याचा राग येतो.

पण रिबिनीचं आणि पाटल्यांचं मी विसरले असते. शेगडीचं नाही विसरले. दोन खोल्या, मागच्या खोलीला खिडकी नाही आणि तिथे ती भुशाची शेगडी. एक सांगते, नाहीतर खोटं बोलल्यासारखं होईल. वखारीतून सायकलवर भुशाचं पोतं तुम्हीच आणायचात. रोज पहाटे मधे बाटली उभी धरून चारी बाजूंनी भुसा ठोकून ठोकून भरायचात, आणि मग बाटली अशी हलकेच काढायचात की कणही ढासळायचा नाही. ते काम तुम्ही आईवर कधी टाकलं नाही. भरायची तुम्ही, धूर खायचा तिने. तुम्ही शाळेत जायचात, मी शाळेत जायचे, आणि ती त्या खोलीत खोकत बसायची. डॉक्टरांनी तुमच्या तोंडावर सांगितलं होतं, "मास्तर, औषधं मी देतो, पण धूर बंद झाल्याशिवाय या बाईंचा दमा हटणार नाही." मामांनी कुर्डुवाडीहून मुद्दाम येऊन गॅससाठी नंबर लावला. नंबर लागलाही. तेव्हा नेमकं जगात तेल महागलेलं. तुम्ही म्हणालात, "एवढासा देश डाळीवाचून राहतो, आणि आपल्याला एका गॅसवाचून राहवत नाही? शिवाय मी काही हुकूमशहा नाही. पुढच्या वर्षी घरात मत घेऊ." पुढचं वर्ष आलं तेव्हा तिथल्या सरकारने नव्या घटनेचा आधार घेऊन स्वतःची मुदत वाढवून घेतली होती. तुम्हीही वाढवलीत. गॅसचा नंबर गेला तो गेलाच.

रविवारी पुढच्या खोलीत तुमचं अभ्यासमंडळ भरायचं. गिरणीतले दोन कारकून, एक वकील, तुमच्या शाळेतले एक सर. एक रविवार मला अजून दिसतो. तुम्ही सांगताय की रांगा म्हणजे अपयश नव्हे, रांगा म्हणजे समान वाटप. आई चहाचं ताट घेऊन दारात उभी आहे, धुराने डोळे लाल झालेले. ती सहज विचारते, "तितं पंतप्रधान बाईच हाय म्हनं. त्या सोता हुब्या ऱ्हात्यात का वो रांगंत?" वकील फिसकन हसले. आणि तुम्ही चार माणसांसमोर म्हणालात, "कळत नाही त्यात तोंड घालू नये." तिने ताट ठेवलं आणि ती आत गेली. अण्णा, त्या खोलीत त्या दिवशी विचारण्यासारखा प्रश्न तेवढा एकच विचारला गेला होता.

मग सत्त्याहत्तर साल आलं. मार्चमध्ये आपल्याकडे सत्ता पालटली आणि जुलैत तिकडे. तुमचे डावे आघाडीतून आधीच बाहेर फेकले गेले होते, आता निवडणुकीत त्यांना एकही जागा मिळाली नाही. एकही नाही! तुम्ही सकाळी पेपर वाचलात, घडी करून उशीखाली ठेवलात आणि शाळेत गेला नाहीत. जेवलाही नाहीत. त्याच आठवड्यात मामांनी पुन्हा लावलेला नंबर लागल्याचं कार्ड आलं होतं. संध्याकाळी तुम्ही एकदम उठलात आणि म्हणालात, "चला, आज मत घेऊन टाकू. लोकशाही म्हणजे लोकशाही." वहीच्या कागदाचे तीन तुकडे केलेत. 'हवा' किंवा 'नको', एवढंच लिहायचं. मी 'हवा' लिहिलं, ठळक, कागद फाटेल इतकं दाबून. मनात म्हटलं, सुटली बाई आई एकदाची. चिठ्ठ्या पितळी डब्यात पडल्या. तुम्ही शेगडीपुढे बसून एकेक उघडलीत, मोठ्याने वाचलीत आणि विस्तवात टाकलीत. "नको." "हवा." तिसरी उघडल्यावर तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा लावलात. मग म्हणालात, "नको."

ते दुसरं 'नको' माझंच, असं धरून तुम्ही खिशातलं स्वतःचं पेन काढून माझ्या हातात दिलंत. "या घरात एक तरी माणूस विचार करतं," असं म्हणालात. आई तिथेच भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. तुम्ही बाहेर गेल्यावर मी तिच्या अंगावर ओरडले, "आई, तू नको लिहिलंस? डोकं फिरलं का तुझं?"

"हळू बोल की."

"अगं, तुझ्यासाठीच होता ना गॅस!"

"तिकडं त्येंचं सगळं पडलं म्हनं. सकाळधरनं घास न्हाई खाल्ला मानसानं. हितं घरात बी पडलं आसतं, तर कुटं जावं त्यानं?" मग तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाली, "धूर काय, सवयीचा हाय. त्येस्नी सांगू नगंस."

गॅस तुम्ही गेल्यावर आला, माझ्या पगारातून. तोवर आईला दोन पायऱ्या चढल्या तरी बसावं लागायचं. निळ्या जाळाकडे बघत ती म्हणायची, "लई लौकर हुतंय की सगळं. आता ऱ्हायल्याला येळ कुटं घालू?" तुमच्या बाजूचंही सांगते. लंकेत नव्या सरकारने दारं सताड उघडली, बाहेरचं कापड येऊन पडलं आणि तिथले हातमाग बसले, अगदी तुम्ही म्हणायचात तसे. पुढे अक्कांच्या घरचेही बसले. धोरणात तुम्ही निम्मे बरोबर होतात. पण आईचा दमा त्या निम्म्यात कुठे बसत होता, ते तुम्ही कुठल्याच रविवारी सांगितलं नाहीत.

आई गेली ती याच समजुतीत, की तुम्हाला काही कळलं नाही. पण अण्णा, परीक्षेच्या पेपरावर नाव नसलं तरी अक्षरावरून पोरगं ओळखणारे मास्तर तुम्ही. दुसरीतून शाळा सोडलेल्या बायकोचं वेडंवाकडं 'नको' तुम्ही ओळखलं नसेल? चष्मा तुम्ही उगाच नव्हता पुसला. तिने काय केलं ते तुम्हाला त्याच क्षणी कळलं, आणि तरी तुम्ही ते मत घेतलंत. त्यावर कडी म्हणजे शाबासकी मला दिलीत, तिच्या देखत.

तुम्ही गेलात त्या आजारपणात मी महिनाभर उशाशी होते. तुम्हाला हे विचारायचं राहून गेलं, असं मी स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. राहून नव्हतं गेलं, मी विचारलं नाही. तुम्ही हो म्हणाला असतात तर तुमच्या मयताला मला रडू आलं नसतं, आणि मला रडायचं होतं.